कच्च्या उन्हातले शंख

फाल्गुनातला रविवार, अकोला. माझ्या मोठ्या बहिणीची, प्रमिलाताईची तेरवी. हजर मंडळी: ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, मुलगा निखिल, सून रूपाली, अंजनगाव सुर्जीहून जीप करून आलेली आमची माहेरची माणसं, शेजारच्या बायका, स्वयंपाकाला नव्याने लावलेल्या बाई, आणि सकाळच्या गाडीने अमरावतीहून आलेली मी. अमरावतीत मी एका वसतिगृहाचं कोठीघर सांभाळते. कुठेही गेलं की कोण आलं, काय आलं, काय यायचं राहिलं, याची टिपणं मनात आपोआप होत जातात. त्या दिवशीही झाली, आणि एका नोंदीपाशी मी अडखळले. स्वयंपाकाला नव्याने लावलेल्या बाई... त्यांच्याकडे नंतर येते.

ताईच्या फोटोपुढे पान वाढलं होतं. पुरणपोळी, कढी, वडे, वांग्याची भाजी, भात-वरण, सगळं रीतसर. मग रूपालीने आतून एक काचेचा वाडगा आणला आणि पानाच्या उजव्या हाताला जागा करून ठेवला. शंखाच्या आकाराचा पास्ता, पांढऱ्या दाट सॉसमधला, वरून किसलेलं चीज. चीज अजून वितळत होतं. "आईंची आवड," ती हळूच म्हणाली आणि तिने डोळे पुसले. शेजारच्या बायकांनीही पुसले.

मी म्हटलं, "रूपाली, ही तुमची आवड होय. तिची नाही."

"असं काय म्हणता मावशी? दर रविवारी करायच्या त्या. स्वतःच्या हाताने."

"तुमच्यासाठी करायची. चीजच्या वासाने तिला मळमळायचं. नाकाला पदर लावून किसायची ती."

रूपालीने निखिलकडे पाहिलं, निखिलने भाऊजींकडे. भाऊजी भिंतीला टेकून बसले होते. "राहू दे न बेबी," ते म्हणाले, "मानसं बसून हायत." मग पानाकडे बघत खालच्या आवाजात म्हणाले, "मंग काय आवडे तिले? सांग न तू. तेच वाढू."

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होते. चाळीसेक वर्षांचा संसार झाल्यावर, बायकोच्या तेरवीला, तिला काय आवडायचं हे ते मेहुणीला विचारत होते. मला उत्तर ठाऊक होतं आणि मी ते दिलं. त्यावर ते जे बोलले, ते तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. पण आधी हे शंख आमच्या घरात कुठून आले ते सांगायला हवं, नाहीतर त्या बोलण्याचा अर्थ लागायचा नाही.

आमचं माहेर अंजनगावजवळचं. काळी जमीन, विहिरीच्या पाण्यावरचा भाजीपाला, आणि घरी खायला थोडा बन्सी गहू. तो गहू लांबट, कडक, पिवळसर. पोळीला नाही, पण शेवयांना आणि रव्याला त्याच्यासारखा दुसरा नाही. चैत्र लागला की आई त्याचा रवा दळून आणायची, घट्ट भिजवायची, आणि दुपारी गल्लीतल्या बायका ओसरीवर जमायच्या. कुणी काडीवर सरगुंडे वळायचं, कुणी शेवया, कुणी नखाने दाबून नखुल्या. ताईकडे फणोल्या. नव्या लाकडी फणीवर कणकेची वाटाण्याएवढी गोळी ठेवायची, अंगठ्याने दाबत पुढे सरकवायची, की ती दातांच्या रेघा अंगावर घेऊन आपोआप गुंडाळत येते आणि छोटासा शंख होतो. माझ्या फणोल्या चपट्या व्हायच्या. "बेबीच्या फणोल्या गाडीखाली आल्या," असं ताई सगळ्या बायकांसमोर म्हणायची, आणि मग माझ्या गोळ्या आपल्या ढिगात ओढून चटचट करून टाकायची. तिच्या लग्नात रुखवतावर फणोल्यांची एक परात होती. सासरच्या बायकांनी एकेक उचलून उजेडात धरून पाहिली. त्या परातीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. खीर झाली असेल. ताईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी वाढत होतो तवा, मले कुठं माहीत?"

अकोल्यातलं ते स्वयंपाकघर सासूबाईंचं होतं. मिठाची बरणी कुठे, चिमटा कुठे, पोळ्यांचा डबा कोणत्या फडक्यात, सगळं त्यांच्या हिशेबाने. ताईने त्यात वर्षानुवर्षं स्वयंपाक केला, पण एक डबा इकडचा तिकडे केला नाही. निखिल शाळेत असताना एकदा मित्राच्या वाढदिवसाला जाऊन आला आणि त्याने पास्ता मागितला. मी तेव्हा दिवाळीनंतर दोन दिवस तिच्याकडे होते. आम्ही दोघी बाजारात गेलो, दुकानदाराने एक पाकीट पुढे केलं, आणि ताई भर दुकानात हसत सुटली.

"अवं माय, बेबी, हे तं फणोल्याच होय! कंपनीनं केल्या काय?"

घरी येऊन तिने त्या फणोल्या फणोल्यांसारख्याच शिजवल्या, म्हणजे कुकरमध्ये टाकल्या आणि शिट्ट्या केल्या. झाकण काढलं तर आत चिकट लापशी. सासूबाई काठी टेकत आल्या, वाकून पाहिलं, म्हणाल्या, "सुनबाई, ढोराची ढेप भिजवली काय वो?" निखिल रडायला लागला. भाऊजी पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "जे येत नाही ते कराव काहून मानसानं?" ताईने ती लापशी गाईला घातली, दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन दुसरं पाकीट आणलं, आणि दुपारी घर झोपलं असताना मला उभं करून पुन्हा शिजवलं.

ती शिकली कशी हे मी पाहिलं आहे, म्हणून सांगते. कुणी करणार असेल तर उपयोगी पडेल. गंज, म्हणजे पातेलं, रुंद हवा आणि पाणी भरपूर. पाणी खळखळलं की मीठ, मग शंख, आणि पहिली दोन मिनिटं झारा थांबवायचा नाही. कारण शंख एकमेकांच्या पोटात जाऊन बसतात, बाहेरून शिजल्यासारखे दिसतात आणि मध्ये कच्चे राहतात. दाताखाली किंचित टणक लागला की उतरवायचे. चाळणीत ओतून नुसतं निथळत ठेवलं तर प्रत्येक शंख आपल्या वाटीत पाणी धरून ठेवतो आणि रस्सा पातळ होतो, म्हणून चाळणी सुपासारखी पाखडायची. मग तेलाचा हात. ताईने हे पुस्तकात वाचलं नव्हतं. तिने एकेक शंख उचलून, मोडून, आत बघून ते शोधलं. त्या दुपारी आम्ही दोघींनी उभ्या उभ्या, चाळणीतूनच, नुसते शंख खाल्ले. ताईने कोनाड्यातली जवसाची चटणी काढली, तळाचे एकमेकांना चिकटलेले शंख वेगळे केले, त्यावर चटणी आणि कच्चं तेल घातलं. "हे पाय," ती म्हणाली, "हेच्यात चटणी कशी बसते ते." तिचा चेहरा तेव्हा ओसरीवरच्या ताईसारखा दिसत होता. माझ्या मनात तिचं एक चित्र कायमचं आहे, ते हे.

त्यानंतर रविवार पास्त्याचा झाला. निखिलला टोमॅटोचा, भाऊजींना मसाला भाजून रश्शासारखा झणझणीत, पुढे रूपाली आली तेव्हा पांढरा, चीजचा. सासूबाईही, होत्या तोवर, मागून घ्यायच्या. ढेपेचं कुणी नाव काढलं नाही. पाकिटातले शंख तिच्या मनास येईनात, तेव्हा तिने माहेरून बन्सी गहू मागवला आणि स्वतःच करायला सुरुवात केली, फणोल्यांहून मोठे, पोट खोल ठेवून. तिच्या हातचे शंख शिजले तरी उभे राहायचे. नातेवाईक घरी आले की पिशवी घेऊन जायचे. "ताई, यंदा जरा जास्त करा बरं," असं सांगून जायचे. कुणी रवा आणून दिल्याचं मला आठवत नाही.

साठवणीवरून आम्हा दोघींची मात्र फोनवर भांडणं व्हायची, आणि ती मला फार आवडायची. मी कोठीघरवाली. माझं म्हणणं, कडुलिंबाचा वाळलेला पाला. तिचं म्हणणं, पाल्याचा कडू वास शंखाच्या पोटात जाऊन बसतो, तेजपान पुरे. शंखाला कीड लागली की लवकर दिसत नाही, बाहेरून चकचकीत आणि आत जाळी. म्हणून दर महिन्याला मूठभर काढून पांढऱ्या फडक्यावर आपटून बघायचे, यावर आमचं एकमत होतं. आणि एका गोष्टीवर ती कुणाचं ऐकत नसे. उन्हातून काढलेले शंख गरम असताना डब्यात भरायचे नाहीत. आत आणायचे, खाटेवर पसरायचे, पूर्ण गार होऊ द्यायचे, हातात घेऊन खुळखुळा वाजला पाहिजे, मग भरायचे. गरम भरले की झाकणाला आतून घाम येतो आणि महिन्याभरात बुरशी. "घाई करून राह्यलं का गेलंच समज," असं ती म्हणायची.

सासूबाई गेल्या. आता स्वयंपाकघर ताईचं होईल असं मला वाटलं होतं. वर्षभरात निखिलचं लग्न झालं आणि नवीन ओटा, नवीन कपाटं, सगळं एकसारखं झालं. रूपाली वाईट मुलगी नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे. तिने हौसेने सगळ्यांसाठी एकाच मापाचे पारदर्शक डबे आणले. ताईच्या चिनी मातीच्या बरण्या माळ्यावर गेल्या. त्या उन्हाळ्यात ताई आंघोळीला गेलेली असताना, सासूला मदत म्हणून, रूपालीने स्लॅबवरचे शंख गोळा केले आणि तसेच्या तसे डब्यांत भरून झाकणं लावली. पावसाळ्याच्या तोंडाशी सगळ्यांवर हिरवी लव. उन्हाळाभराचं काम. ताईने फोनवर मला फक्त एवढंच सांगितलं, "गाईले टाकले वं. तिले कोन सांगतलं होतं? मीच सांगाले पायजे होतं." मी म्हटलं, सांग न मग आता. तर म्हणाली, "आता काय, तिचं घर हाय."

अमरावतीत आमचं स्वतःचं घर झालं ते साधारण त्याच सुमारास. मी ओट्याच्या डाव्या हाताला, खिडकीजवळ, एक लांब फळी बसवून घेतली आणि ती रिकामी ठेवली. ताईला सांगितलं, ही तुझी. गॅसची एक जादा शेगडीही घेतली. ठरलं असं होतं की एका चैत्रात तिने महिनाभर माझ्याकडे यायचं. अंजनगावहून गहू येईल, मोठी स्लॅब आहे, वर कडकडीत ऊन आहे. मी सकाळी कामावर जाईन, ती तिच्या हिशेबाने शंख करील, तिच्या हिशेबाने शिजवील. मी विचारलं होतं, "कोणासाठी करशील एवढे?" ती म्हणाली, "कोनासाठीच नाई. मी करीन अन् मीच खाईन. सांजच्यानं तू आली का तुले देईन, मागशील तं." हे बोलताना ती लाजली होती. साठीच्या उंबरठ्यावरची बाई, स्वतःसाठी स्वयंपाक करायचा म्हणून लाजली.

अकोला ते अमरावती, मूर्तिजापूरवरून एसटीने दोन-अडीच तास. लोक रोज ये-जा करतात. ताई लग्न-मयतीला यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची, मुक्कामाला एकदाही आली नाही. दरवर्षी कारण वेगळं आणि दरवर्षी खरं. एका वर्षी रूपालीचं बाळंतपण. एका वर्षी भाऊजींचा मोतीबिंदू. एका वर्षी घराला रंग. आणि सगळ्या कारणांच्या तळाशी एकच कारण, भाऊजींचं जेवण. ते दुसऱ्याच्या हातचं खात नसत. एकदा मीच एक बाई शोधून दिली होती, चांगली, स्वच्छ, त्यांच्याच गल्लीतली. पहिल्याच दिवशी त्यांनी पोळीचा तुकडा ताटात आपटला. "वातड हाय." बाई दुसऱ्या दिवशी आली नाही. मी भाऊजींना फोन केला, तर म्हणाले, "बेबी, तू पाठवलेली बाई चांगली असन, पन मले तुह्या बहिनीच्या हातचीच सवय हाय. मी काय करू?" आणि हे सगळीकडे कौतुकाने सांगितलं जायचं. बघा, बायकोच्या हातावर किती जीव आहे. ताईसुद्धा ते ऐकून हसायची... मला त्या हसण्याचा राग यायचा. आजही येतो. पाय तिचे होते, स्टँड समोर होता. एकदा बसायचं होतं फक्त.

आमची शेवटची भेट संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, अकोल्यात. सगळ्या बायका गेल्यावर तिने मला मागच्या खोलीत नेलं आणि पलंगाखालून एक बरणी काढली. माळ्यावरून उतरवलेली, जुनी, लग्नातली, पिवळ्या झाकणाची. आत शंख. मी म्हटलं, ताई, पौषात कुणी शंख करतं का?

"करतो मी. या वर्षी नाई थांबत," ती म्हणाली. "हे घेऊन जाय अन् माह्या फळीवर ठेव."

"आणि तू?"

"मी चैतात येतो. पाडवा झाला का दुसऱ्या दिवशी. सामान आधी गेलं म्हनजे मानसाले मांगून जाच लागते. सांगीन घरच्यायले, माही बरनी गेली हाय, मले जा लागते."

मी एक शंख काढून दाताखाली धरला. मऊ होता. तिने माझ्याकडे पाहिलं. "कच्चंच हाय. थंडीचं ऊन, काय वाळते त्याच्यानं? पन चैत लागला का तुह्या स्लॅबवर चार दिस ऊन देऊ, मंग पाय. तवरक झाकन गच्च लावू नको, फडकं बांध." मग तिने विचारलं, फणी आहे का तुझ्याकडे? नाही म्हटल्यावर म्हणाली, "घेऊन ठेव. लाकडाची पाय. पिलास्टिकची घेशील तं माहेरी पाठवून देईन तुले." मी बरणी मांडीवर धरून एसटीने आणली. फळीवर ठेवली, फडकं बांधलं, आणि त्या महिन्याच्या माझ्या यादीच्या खाली लिहिलं: फणी. शंखांना ऊन देणे. ताई येते.

माघात एका सकाळी निखिलचा फोन आला. "मावशी, आई गेली." दवाखान्यात न्यायला वेळ मिळाला, पुढे मिळाला नाही. मी कोठीघरात तांदळाची पोती मोजून घेत होते. ती मोजून घेतली, सही केली आणि मग स्टँडवर गेले. वाटेत एका दुकानापाशी रिक्षा थांबली तेव्हा मी काचेतून लाकडी फण्या पाहिल्या, एवढंच त्या प्रवासातलं आठवतं.

आता तेरवीकडे परत. भाऊजींनी विचारलं, काय आवडे तिले? मी सांगितलं. चाळणीच्या तळाला राहिलेले चिकटलेले शंख, त्यावर जवसाची चटणी आणि कच्चं तेल. ते तिला सगळ्यात जास्त आवडायचं. ओट्यापाशी उभी राहून खायची.

भाऊजींनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "हाव, खाये. पन ते तं ती उरलेलं खाये बेबी. सगळ्याइचं झाल्यावर."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या पहिल्या दुपारनंतर, दर रविवारी, सगळ्यांची ताटं झाल्यावर चाळणीत जे चिकटलेलं उरायचं तेच तिच्या वाट्याला यायचं. मी पाहिलं ते तिचं आवडतं होतं, की ती पुढे आयुष्यभर जे खात आली ते केवळ दुसरं काही शिल्लक नसायचं म्हणून? की आधी आवड होती आणि नंतर तिचीच सक्ती झाली? हे ओळखायचा एकच मार्ग होता. तिला एक महिना, एका वेगळ्या स्वयंपाकघरात, पूर्ण गंजभर शंख समोर ठेवून, पहिल्यांदा वाढून घ्यायला सांगायचं आणि ती कुठून घेते ते बघायचं. तेवढंच व्हायचं होतं. तेवढंच या सगळ्यांनी मिळून होऊ दिलं नाही, आणि आता तिच्या पानावर चीज वितळत होतं.

आणि त्या नव्या बाई. ताई गेल्यापासून आठवड्याच्या आत मिळाल्या होत्या. घरापासून चार घरं सोडून राहतात. माझं जेवण झाल्यावर मी भाऊजींना विचारलं, कशा करतात या बाई? ते सुपारी कातरत होते. "बऱ्या करते पोया. नरम असते," ते म्हणाले. "मानसाले सवय करून घ्याच लागते न." मी ताट उचललं आणि मोरीत ठेवून आले. त्यांनी खूप रडून घेतलं होतं, मला माहीत आहे. त्यांना दुःख नाही असं मी म्हणत नाही. पण सवय करून घेता येत होती. इतकी वर्षं, कुठल्याही चैत्रात, एक महिना करून घेता येत होती.

पाडवा होऊन गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा काढली होती, ती आधीच मंजूर होती म्हणून रद्द केली नाही. घर झाडलं, कोठी आवरली, फळी पुसली. बरणी उचलून फळी पुसली आणि बरणी परत ठेवली. गेल्या आठवड्यात भाऊजींचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाले, "बेबी, निखिल सांगून राह्यला होता, प्रमिलाच्या हातचे शंख हायत म्हनते तुह्यापाशी. थोडेसे पाठव न. त्या बाईनं पाकिटातले केले, पन तशी चव नाई येत."

मी म्हटलं, "पाठवत नाही. तुमी या न इकडं भाऊजी. चार दिवस राहा. मी शिजवून वाढते."

"अवं, घर सोडून कसा येऊ मी?"

"दोन तासांचा तं रस्ता हाय."

"तसं नाई वं, हे सगळं टाकून... पाहू. उन्हाळा जाऊ दे." मग त्यांनी फोन ठेवला.

उन्हाळा गेला तर काहीच उरणार नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. पौषातले शंख आहेत, अजून मऊ आहेत. आता ऊन मिळालं तर वर्षभर राहतील, नाही मिळालं तर पहिल्या दमट हवेत बुरशी धरतील. मी कोठीघरवाली आहे, मला हे पाठ आहे. सकाळी दहालाच स्लॅबवर पाय ठेववत नाही इतकं ऊन पडलं आहे. खाट वर नेऊन ठेवली आहे, पांढरं धोतर धुऊन वाळवलं आहे, फणीही आणली आहे, लाकडाची. बरणीचं फडकं मात्र सोडलेलं नाही. तिने चार दिवस ऊन "देऊ" म्हटलं होतं, "दे" म्हटलं नव्हतं.

या महिन्याच्या यादीतली बाकी सगळी कामं झाली. विजेचं बिल, कूलरच्या ताट्या, तिखट दळून आणणं, सगळ्यांवर रेघ मारली. खालची एक ओळ मागच्या महिन्यातून या महिन्यात आली आहे. शंखांना ऊन देणे.